चाळीस पानांचं जेवण उरलंय, कोणाला देऊ? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की आमचा फोन वाजायला लागतो, तो थेट आषाढीपर्यंत. आम्ही दहा-बारा जण. कोणी बँकेत, कोणी शाळेत, एक जण रिक्षा चालवतो. दादर, परळ, कुर्ला, गोवंडी या पट्ट्यात लग्नाचं, बारशाचं, ऑफिसच्या पार्टीचं उरलेलं जेवण उचलून ते खाणाऱ्यापर्यंत पोचवतो. रोज तेच प्रश्न येतात आणि घाईच्या वेळी फोनवर अर्धवट उत्तरं दिली जातात. म्हणून इथे सगळं एकदा नीट लिहून ठेवलंय. जेवण उरायच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोगी पडेल.

१. आमच्याकडे रिसेप्शनचं जेवण उरलंय. तुम्ही घेता का?

घेतो, पण ते "उरलेलं" असेल तरच. आपल्या भाषेत यासाठी चार शब्द आहेत आणि चारही वेगळे आहेत. आज शिजलं, टोपात राहिलं, कुणाच्या ताटात गेलं नाही, ते उरलेलं. काल रात्रीचं ते शिळं. ताटातून परत आलेलं उष्टं. आणि भांड्याला लागलेलं, टेबलावर सांडलेलं ते खरकटं. आम्ही फक्त पहिलं घेतो. शिळ्या पोळीचा कुस्करा आम्हीही घरी आवडीने खातो, पण ती पोळी कुठे आणि कशी ठेवली होती हे तिथे आपल्याला माहीत असतं.

बुफेमुळे यात एक पाचवा प्रकार आलाय: काउंटरवर मांडलेलं. खाली बर्नर चालू असलेल्या, झाकणाच्या भांड्यातली भाजी किंवा डाळ आम्ही घेतो. उघड्यावर दोन तास पडलेली कोशिंबीर, ज्यावर तीनशे पाहुणे वाकून गेलेत, ती नाही.

२. किमान किती माणसांचं हवं?

पंचवीस-तीस माणसांचं तरी. त्याहून कमी असेल तर आमच्या येण्या-जाण्यातच ते थंड होतं. दहा जणांचं असेल तर ते तुम्हीच द्या: बिल्डिंगचा वॉचमन, शेजारच्या बांधकामावरचे मजूर, कोपऱ्यावर रात्री रिक्षा लावून झोपणारे. फक्त विचारून द्या आणि गरम असताना द्या.

अंदाज कळवताना टोपाचा फोटो पाठवा आणि त्यात डाव उभा करून ठेवा. नुसत्या टोपाच्या फोटोवरून खोली कळत नाही. "भरपूर आहे हो" म्हणून बोलावलं आणि तळाला चार डाव आमटी निघाली, असं आमच्याकडे महिन्याला एकदा तरी होतं.

३. कार्यक्रम रात्री अकराला संपतो. संपल्यावर फोन केला तर चालेल ना?

खरं सांगायचं तर तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. या शहरात अन्न उरायची वेळ आणि भूक लागायची वेळ जुळत नाही, सगळी अडचण तिथेच आहे. हॉलमध्ये अकराला आवराआवर सुरू होते. रस्त्यावर राहणारी कुटुंबं मात्र साडेनऊ-दहाला पथारी पसरून झोपलेली असतात, कारण पहाटे पालिकेचा झाडू फिरायच्या आत त्यांना उठायचं असतं. बारा वाजता झोपलेल्या माणसाला हलवून हातात बिर्याणी देण्यात कसलं पुण्य आलं?

म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नुसतं कळवून ठेवा. उरलं नाही तर नाही, आमचं काही बिघडत नाही. आणि त्या रात्री साडेनऊच्या सुमारास आचाऱ्याला विचारा. किती पानं उठली, आत किती टोप अजून फोडलेले (म्हणजे वाढायला उघडलेले) नाहीत, हे त्याला तेव्हाच पक्कं माहीत असतं. यजमानाला ते अकराला कळतं. न फोडलेला टोप दहाच्या आत हॉलमधून निघाला तर तो परळच्या हॉस्पिटलांबाहेर साडेदहाला जेवायच्या बेतात असलेल्या माणसांपर्यंत पोचतो.

पहिल्या वर्षी आम्हाला हे कळत नव्हतं. उपनगरातल्या एका हॉलमधून पावणेबाराला फोन आला. डाळ आणि पुलाव, सत्तर जणांचा. उत्साहाने गेलो, झाकणं घट्ट लावून टेम्पोत चढवलं, सायनला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि गोवंडीला पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. वस्ती गाढ झोपलेली. "सकाळी नाश्त्याला वाटू" असं ठरवलं. सहाला झाकण काढलं तर डाळीवर फेस. सत्तर जणांचं जेवण आम्हीच कचऱ्यात ओतलं. त्यानंतर वेळेचा नियम कुणासाठीही मोडलेला नाही.

सकाळच्या मुहूर्ताची लग्नं त्या मानाने सोन्यासारखी. दीड-दोनला जेवणं आटोपतात, तीनच्या आत पंगत दुसरीकडे बसलेली असते.

४. शिजल्यापासून किती वेळात खाल्लं गेलं पाहिजे?

ढोबळ नियम असा: अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम असेल किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तर जंतू फारसे वाढत नाहीत. मधल्या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात आणि मुंबईची हवा बाराही महिने त्याच पट्ट्यात असते. त्या पट्ट्यात गेलेल्या अन्नाला दोन तास मिळतात, मे महिन्यातल्या दुपारी एकच. ६० अंश म्हणजे किती? बोट बुडवून धरवत नाही इतकं. अर्थात बोट बुडवू नका. काट्याचा थर्मामीटर काहीशे रुपयांना मिळतो, आमच्या प्रत्येक पिशवीत एक असतो.

घड्याळ आमचा टेम्पो आल्यावर सुरू होत नाही, आच बंद झाली तेव्हापासून सुरू होतं. म्हणून आम्ही पहिला प्रश्न "काय आहे?" असा विचारत नाही, "गॅस कधी बंद केला?" असा विचारतो.

५. भात आणि बिर्याणी घेताना एवढे आढेवेढे का? डाळीपेक्षा भात साधा नाही का?

दिसायला साधा, पण सगळ्यात जास्त धास्ती आम्हाला भाताचीच. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. तो कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष इतकं चिवट असतं की नंतर भात कितीही वाफवला तरी जात नाही. असा भात खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. गंमत म्हणजे, गंमत कसली, भाताला तोवर वास आलेला असतोच असं नाही.

त्यात लग्नाचा भात मोठ्या टोपात, झाकण लावून, दडपून ठेवलेला असतो. वरचा थर निवतो, मधला गाभा तासन् तास कोमट राहतो. घरच्या कुकरातला भात आणि शंभर पानांच्या टोपातला भात यांत हाच फरक.

त्यामुळे भात आम्ही दोनच प्रकारे घेतो. एक, तो अजून वाफाळता आहे आणि तासाभरात खाल्ला जाणार आहे. दोन, शिजल्या शिजल्या तो परातींत पातळ पसरून निववला आणि लगेच मोठ्या फ्रिजमध्ये ठेवला. दुसरं फक्त हॉटेलांच्या किंवा ऑफिसच्या कँटीनना जमतं. बिर्याणीला हेच लागू, वर मटण-चिकनची जोखीम वेगळी.

दाट रश्शाच्या मोठ्या टोपांतही असंच दुसरं एक प्रकरण असतं, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याने पोटात कळा येऊन जुलाब होतात, आणि तेही आठ-दहा तासांनी. वाटणारा तोवर घरी जाऊन झोपलेला असतो.

६. पुन्हा खळखळून उकळलं की झालं ना?

नाही. उकळल्याने बरेच जिवंत जंतू मरतात, पण त्यांनी आधीच करून ठेवलेली काही विषं टिकतात. भाताचं प्रश्न ५ मध्ये सांगितलं. वाढप्याच्या हाताला झालेल्या जखमेतून किंवा शिंकेतून येणाऱ्या स्टॅफिलोकोकसचं विषही उकळीला दाद देत नाही. वेळेत उचललेलं, थोडं निवलेलं जेवण नीट तापवून वाढणं ठीक आहे, आम्हीही तसं करतो. वेळ उलटून गेलेल्या जेवणावर मात्र हा उपाय नाही.

७. चाखून, वास घेऊन कळतंच की!

आंबलेली डाळ, विटलेली भाजी, तार सुटलेला रस्सा नाकाला कळतो. माणसाला आडवं करणारे जंतू बहुधा कळत नाहीत. आमच्यातल्या एका मावशींची चाळीस वर्षांची स्वयंपाकाची नजर आहे. त्यांनी "नको" म्हटलं तर आम्ही घेत नाही. त्यांनी "हो" म्हटलं तरी थर्मामीटर आणि घड्याळ बघतोच.

८. काय अजिबात देऊ नये?

ओल्या नारळाची चटणी, दही घातलेली कोशिंबीर आणि रायतं, कापलेली फळं, पाणीपुरीचं पाणी, मेयोनीज घातलेलं काहीही, कोळंबी आणि कालवं, आणि घरी लावलेली बासुंदी-रबडी जी बर्फावर नव्हती. श्रीखंडाचे सीलबंद डबे थंड असतील तर चालतात. उघडलेले नाहीत.

उलट पोळ्या, पुऱ्या, सुक्या भाज्या, जिलबी, बुंदीचे लाडू, कोरडा फरसाण हे सगळं बिनधास्त. बटाट्याची सुकी भाजी आणि पुरी वाटायला निघालो की आमचाही जीव हलका असतो.

९. पॅकिंग आम्ही करायचं का? कशात?

करू नका. गरम जेवण प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांत भरून गाठी मारलेल्या असतात, ते बघून आम्हाला रडू येतं. आतल्या आत ते घाम धरतं आणि लवकर नासतं. वर्तमानपत्रात पोळ्या गुंडाळणंही नको. छपाईची शाई अन्नाला लागते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयने त्याला स्पष्ट मनाई केलेली आहे. वडापाव कशात मिळतो ते आम्हालाही माहीत आहे, तो वाद इथे नको.

टोप तसेच राहू द्या, झाकण ठेवा, मंद आच चालू ठेवा. आम्ही आमचे स्टीलचे डबे घेऊन येतो आणि उतरवून घेतो. केटररला त्याचे टोप त्याच रात्री परत हवे असतात, त्यामुळे तोही खूश. शाकाहारी आणि मांसाहारीचे डाव मात्र वेगळे ठेवायला सांगा.

१०. याला काही कायदा आहे का, की सगळं भलेपणावर चालतं?

आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि त्याखाली खास उरलेल्या अन्नासाठी २०१९ मध्ये अधिसूचित झालेले विनियम आहेत. ते १ जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांचा गाभा असा: उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करावी, कुणाकडून काय आणि किती घेतलं याची नोंद ठेवावी, वाटताना पाकिटावर पदार्थाचं नाव, शाकाहारी की मांसाहारी आणि कधीपर्यंत खावं हे लिहावं, आणि मुदत संपलेलं किंवा बिघडलेलं काही पुढे जाऊ देऊ नये. महाराष्ट्रात यावर नजर ठेवायचं काम अन्न व औषध प्रशासनाचं.

केटररकडे चौदा आकडी एफएसएसएआय नंबर असतो. तो आमच्या वहीत लिहून घेतो. नंबर विचारल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याचं जेवण आम्ही घेत नाही, आणि खरं तर तुम्हीही खायला नको होतं.

११. उद्या कुणाला बाधलं तर आमच्यावर येईल का? म्हणून सासरे नको म्हणतात.

सासऱ्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. कायद्यात "खाद्य व्यवसाय" या शब्दात नफ्यासाठी चालणारे आणि नफ्यासाठी न चालणारे दोन्ही येतात. त्यामुळे आम्ही फुकट वाटतो म्हणून आम्हाला स्वच्छतेच्या नियमांतून सूट नाही, आणि ती असूही नये. फुकट खाणाऱ्याचं पोट काही वेगळ्या मातीचं नसतं.

तुमच्या बाजूने करायचं ते एवढंच: खरी वेळ सांगा. आम्ही एक चिठ्ठी बनवतो: पदार्थ, गॅस बंद केल्याची वेळ, उचलल्याची वेळ, तेव्हाचं तापमान, दोघांच्या सह्या. एक प्रत तुमच्याकडे, एक आमच्याकडे. अमेरिकेत सद्भावनेने अन्न देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा १९९६ पासून आहे. आपल्याकडे ही चिठ्ठीच कामाला येते. "आत्ताच झालंय हो" असं म्हणून दोन तास लपवणारे यजमान भेटतात. ते कायद्याच्या नाही, दुसऱ्याच्या पोटाच्या जिवावर उदार होतात.

१२. तुम्ही आमच्या भागात येत नाही. दुसरं कोण आहे?

बरेच आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये रोटी बँक सुरू केली. दिवसभर डबे पोचवून झाल्यावर समारंभांतलं उरलेलं जेवण गोळा करून वाटायचं, असं ते काम. शहराची नस त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक? माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी उभं केलेलं रोटी बँक फाउंडेशन वेगळं. नावं सारखी असल्याने लोकांचा गोंधळ होतो. रॉबिन हूड आर्मी २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झाली, मुंबईतही तिचे गट आहेत. ते पैसे घेत नाहीत, फक्त अन्न आणि वेळ घेतात. फीडिंग इंडियाही २०१४ चीच, पुढे ती झोमॅटोकडे गेली.

कुठल्याही गटाला देताना दोनच गोष्टी विचारा: कुठे वाटणार आणि किती वाजेपर्यंत. उत्तर अडखळत आलं तर पुढचा नंबर लावा.

१३. टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पेशंट असतात. त्यांना देता का?

नातेवाइकांना देतो. रुग्णांना नाही. हे ऐकून लोक दुखावतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

परळला टाटा मेमोरियलच्या आसपास देशभरातून आलेली कुटुंबं महिनोन् महिने राहतात. धर्मशाळांत जागा संपली की फुटपाथवर. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात. तुम्हाआम्हाला ज्या जेवणाने फार तर एक दिवस पोट बिघडेल, त्याने त्यांना तापाने पुन्हा ॲडमिट व्हावं लागू शकतं. लग्नातलं जेवण कितीही नीट उचललं तरी ते शंभर हातांतून गेलेलं असतं. त्यांना ताजं, त्यांच्यासाठीच शिजवलेलं हवं.

म्हणून तिथे वाढताना आम्ही आधी विचारतो, "पेशंट कोण आहे?" आणि जेवण सोबतच्या माणसाला देतो, पेशंटला देऊ नका असं सांगून. बापाने मुलाच्या तोंडात घास घातलाच, असंही पाहिलंय. तिथे हात धरता येत नाही. रुग्णासाठी काही करायचं असेल तर वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना विचारून शिधा किंवा सीलबंद वस्तू द्या.

केईएम आणि वाडियाच्या बाहेरही हाच नियम. बाळंतिणी आणि अगदी लहान मुलांना आम्ही पोळी, सुकी भाजी, केळं एवढंच देतो.

१४. मटणाचं जेवण आहे. वाटायला अडचण येते का?

उलट लवकर संपतं. अडचण येते ती न सांगता वाटलं तर. प्रत्येक डब्यावर लाल किंवा हिरवा ठिपका लावतो आणि वाढताना तोंडाने सांगतो: हे चिकन आहे, यात अंडं आहे, हे जैन आहे, हे मटण अमुक ठिकाणचं. संकष्टीला कुणी उपवास धरलेला असतो, कुणाला हलाल आहे का हे विचारायचं असतं, कुणाला श्रावण पाळायचा असतो. भुकेल्या माणसाला निवड कशाला, असं म्हणणारे फोनवर भेटतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, फक्त त्यांना एकदा आमच्याबरोबर वाढायला या म्हणतो.

१५. आम्ही वाटतानाचे फोटो काढले तर चालतील? ऑफिसला दाखवायचे असतात.

टोपांचे काढा, टेम्पोचा काढा, आमचे काढा. खाणाऱ्यांचे नाही. पाठमोरेही नाही. सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या, अहवालासाठी प्रश्न ११ मधल्या चिठ्ठीची प्रत पुरते.

१६. सोसायटीच्या गेटवर सगळ्यांसाठी फ्रिज ठेवायचा विचार आहे. सल्ला?

ठेवा, पण आधी माणूस ठरवा, मग फ्रिज घ्या. असे फ्रिज मुंबईत लागले तसेच बंदही पडले, आणि बंद पडण्याची कारणं बहुतेक घरगुती असतात. कोणी आठवड्याचं शिळं आणून कोंबतं, कोणी साफ करत नाही, विजेच्या बिलावरून वार्षिक सभेत भांडण होतं.

चालवायचा तर प्रत्येक डब्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली चिकटपट्टी हवी, नसेल तर डबा बाहेर. रोज एकाच ठरलेल्या वेळी एकाने रिकामा करून पुसायचा. गरम टोप आत ठेवायचा नाही, त्याने आतलं बाकी सगळं कोमट होतं. आणि फ्रिज गेटच्या बाहेरच्या अंगाला हवा. आतल्या अंगाला असला तर वॉचमनच्या नजरेसमोरून आत यायची हिंमत ज्याला गरज आहे त्याला होत नाही. आम्ही पाहिलेल्या एका फ्रिजमधून तर सोसायटीचीच मुलं कोल्ड्रिंक न्यायची!

१७. दुकानातली तारीख उलटत आलेली पाकिटं चालतात का?

तारखेच्या आत असतील तर आनंदाने. निदान आठवडाभर बाकी असावा, म्हणजे माणूस ते आपल्या सोयीने खाऊ शकतो. "एक्सपायरी" उलटली की विषय संपला. "बेस्ट बिफोर" ही खरं तर चवीची, कुरकुरीतपणाची तारीख, ती उलटली की पदार्थ लगेच वाईट होतो असं नाही. तुमच्या घरात तुम्ही ठरवा. आम्ही मात्र तीही उलटलेली घेत नाही. जे स्वतःच्या दुकानात विकायला लाज वाटते ते दान म्हणून का द्यायचं?

१८. गणपतीत मंडळाकडे प्रसाद आणि भंडाऱ्याचं खूप उरतं. त्याचं काय?

कोरडा प्रसाद, लाडू, पेढे, साखरफुटाणे याला घाई नाही. अखंड नारळ तर आम्ही पोत्याने घेतो. वस्तीतल्या बायका त्याचं पुढे काय करायचं ते बरोबर जाणतात. उकडीचे मोदक मात्र त्याच दिवशी संपवा, ओलं खोबरं फार थांबत नाही. भंडाऱ्याच्या भाताला प्रश्न ५ जसाच्या तसा लागू. देवाला दाखवलेला नैवेद्य म्हणून जंतू सवलत देत नाहीत.

१९. मुळात उरूच नये यासाठी काही करता येतं का?

हा प्रश्न वर्षातून दोनदाच येतो, तरी तो इथे मुद्दाम घातलाय. केटररशी बोलताना पानांचा आकडा पत्रिकांवरून काढू नका. चारशे पत्रिका म्हणजे चारशे पानं नव्हेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी बोरिवलीहून दादरला रिसेप्शनला येणारा माणूस पाकीट देऊन साडेनऊची लोकल पकडतो, बऱ्याचदा न जेवता. केटरर "हमी पानां"चे, म्हणजे कोणी जेवो न जेवो आधी कबूल केलेल्या पानांचे, पैसे घेतोच. तेव्हा हमीचा आकडा खाली धरा आणि वर दहा टक्के तयारी ठेवायला सांगा. दुसरं, स्टार्टरचे सात प्रकार आणि चाटचं काउंटर असेल तर मुख्य जेवणातला भात आणि पनीर उरणारच, आम्ही पैज लावून सांगतो. तिसरं, शेवटचे दोन टोप पाहुण्यांचा अंदाज आल्यावरच चढवायचे, हे आचाऱ्याशी आधी ठरवा. जुन्या पंगतीत वाढपी विचारून वाढायचा. बुफेत तो विचारणारा माणूस गेला.

२०. जे घेता येत नाही ते तुम्ही नाकारता. मग ते जातं कुठे?

दुर्दैवाने बहुतेक देवनार किंवा कांजूरमार्गच्या दिशेने. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. ओला कचरा तिथे दबून सडतो, त्यातून मिथेन निघतो आणि आगी लागतात. त्या आगींचा धूर जी वस्ती गिळते, त्याच वस्तीत आम्ही जेवण घेऊन जातो.

महापालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना आणि दिवसाला १०० किलोहून जास्त ओला कचरा करणाऱ्यांना तो आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं आहे. मोठ्या हॉलने खताचा खड्डा किंवा बायोगॅस करावा. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं निसर्गऋण हे बायोगॅसचं तंत्र तर मुंबईचंच. कुत्र्यांना द्यायचं असेल तर हाडं, कांदा, चॉकलेट आणि तिखट रस्सा वगळून द्या, आणि पत्रावळ्या तिथेच टाकून जाऊ नका.

२१. खरं सांगा, याने भूक मिटते का?

नाही. एका रात्रीचं जेवण होतं. उद्याच्या जेवणाची सोय रेशनवर होते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी धान्य मुंबईत उचलता येतं, हे फुटपाथवरच्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. म्हणून आमच्यातले दोघे वाढत नाहीत, कागद बघत बसतात. आधार जोडलंय का, अंगठा लागतो का, दुकानदार काय म्हणतो. राज्याची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. जवळचं केंद्र चालू असेल तर आम्ही लोकांना तिकडे पाठवतो. तिथे माणूस स्वतःचे पैसे देऊन, बसून जेवतो. माहीमला दर्ग्याजवळच्या हॉटेलांबाहेर रांगेत बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. कोणीतरी गल्ल्यावर पैसे भरतं आणि आतून ताजं जेवण बाहेर येतं. ती पद्धत आमच्यापेक्षा जुनी आणि खाण्याच्या दृष्टीने जास्त सुरक्षित आहे.

आणि वाया जाणारं सगळं हॉलमध्येच जातं असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतात घरांतून दर माणशी वर्षाला ५५ किलो. तो टोप उचलायला आमचा टेम्पो येऊ शकत नाही.

२२. नेलेलं जेवण लोकांनी नाकारलं असं कधी होतं का? मग राग नाही येत?

होतं. पहिल्यांदा आला होता, लपवत नाही. केईएमसमोर एक आजी रोज विचारायच्या, "केव्हाचं आहे?" इतर लोक रांगेत, आणि यांची उलटतपासणी. मग लक्षात आलं की आम्ही केटररला विचारतो तोच प्रश्न त्या आम्हाला विचारतायत. आता डब्यावरची चिठ्ठी त्यांच्यासमोर वाचून दाखवतो. एकदा वेळ ऐकून त्यांनी भात परत केला आणि पोळ्या ठेवून घेतल्या. बरोबर होतं त्यांचं, भाताला पाऊण तासच उरला होता आणि त्यांना नातू वॉर्डातून खाली आल्यावर जेवायचं होतं.

२३. मला यायचंय तुमच्याबरोबर. काय लागतं?

कापलेली नखं, बांधलेले केस, बंद बूट. हाताला जखम, सर्दी किंवा पोट बिघडलेलं असेल तर त्या दिवशी वाढायला नाही, वही लिहायला या. पहिले तीन वेळा फक्त टोप उचलायचे आणि थर्मामीटर धुवायचा. टू-व्हीलर असली तर उत्तम, नसली तर लोकलच्या लगेजच्या डब्यात डबे चढवायची तयारी ठेवा. लग्नसराईत शनिवार-रविवारी माणसं मिळतात, अडतं ते मंगळवार-बुधवारी. तेव्हा मोकळे असाल तर तसं आधी सांगा.